ब्रेंपोंग सरांच्या कॉम्प्युटरला हाक कोण मारतं?

यंत्राला इच्छा नसते. इच्छा फक्त माणसाला असते. हे वाक्य ब्रेंपोंग सर कोफोरिदुआच्या मुलांच्या शाळेत गणित शिकवता शिकवता इतकी वर्षं सांगत आले होते की मुलं ते प्रमेय समजून पाठ करत. सरांच्या स्वतःच्या घरात इच्छा फक्त त्यांच्या सासूबाईंना असल्यामुळे वाक्याचा उत्तरार्ध सगळ्याच माणसांना लागू पडतो की नाही, याबद्दल त्यांना जरा शंका होती. पूर्वार्धाबद्दल मात्र मुळीच नव्हती. तो पूर्वार्ध एका संध्याकाळी, सासूबाई आपल्या खोलीत आणि बाकीचे जेवायला बसलेले असताना, बैठकीच्या कोपऱ्यात निळा दिवा लागून आणि घुर्र असा आवाज होऊन निकालात निघाला.

कॉम्प्युटर चालू झाला होता. कोणी चालू केला नव्हता.

"सेरवा, तू बंद केला नव्हतास?" सरांनी कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा हातातच ठेवून मुलीला विचारलं.

"केला होता बाबा. तुमच्यासमोर."

"मग नीट बंद झाला नसेल."

"बंदमध्ये नीट आणि वाईट कुठे असतं? तुम्हीच म्हणता, शून्य म्हणजे शून्य."

स्वतःचीच वाक्यं मुलांच्या तोंडून परत येणं हा शिक्षकी पेशातला सर्वांत मोठा धोका आहे. सरांनी हात धुतला, कॉम्प्युटर बंद केला, आणि यंत्राला इच्छा नसते हे सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा लागला. संध्याकाळी पुन्हा. त्यानंतर तो जवळजवळ रोजच लागू लागला, आणि लागल्यावर काही मागायचा नाही, काही बिघडवायचा नाही. नुसता जागा व्हायचा आणि बघत बसायचा.

एरवी या गोष्टीचं कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण दिवस सेरवाच्या लग्नाचे होते. मुलगा होता मांपोंगचा, नाव ओफेई, सेरवाच्याच दवाखान्यात औषधं देणारा. दोघं एकमेकांना पसंत होती. म्हणजे नुसती सुरुवात झाली होती. पसंती खरी असते ती घराण्यांची. मुलाकडचे लोक रिवाजाप्रमाणे मद्याच्या बाटल्या घेऊन मागणी घालायला दार ठोठावायला यायचे, त्याआधी ते गुपचूप चौकशी करणार. कोणी डोक्याने फिरलेलं आहे का, कोणाला काही जडलेलं आहे का, आणि मुख्य म्हणजे, घरात 'काही' आहे का. या 'काही'ची व्याख्या कोणी करत नाही. ज्याच्या घरात ते असतं त्याचं लग्न मोडतं, एवढी व्याख्या पुरेशी असते.

"आता त्यांचं माणूस कधीही येईल," सरांच्या पत्नी आफ्रिये म्हणाल्या. "कोणाच्या वेशात येईल सांगता येत नाही. आणि आपल्या बैठकीत हे! अहो, ती पिन काढून टाका ना भिंतीतून."

"पिन काढणं म्हणजे उत्तर न येणारं गणित फाडून फेकणं."

"फेका की मग!"

"रीत दाखवल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत, आफ्रिये. का लागतो ते आधी कळलं पाहिजे."

"पोरीचं लग्न मोडलं की कळेल."

पण सर बधले नाहीत. आख्ख्या शाळेत भुताखेतांची थट्टा करणारा माणूस स्वतःच्या घरात कॉम्प्युटरला घाबरून पिन काढतो, हे एकदा बाहेर पडलं की वर्गात पायथागोरससुद्धा कोणी खरा मानणार नाही, अशी त्यांची धास्ती होती.

घरातल्या बाकीच्यांनी आपापले उपाय सुरू केले. आफ्रियेंनी शुक्रवारचा उपास धरला. सासूबाई, म्हणजे पोकुवाआजी, यांनी तर त्याहून कडक व्रत घेतलं: नातीचं लग्न ठरेपर्यंत टीव्ही बघायचा नाही. हा त्याग लहानसहान नव्हता. हांबुर्गला असलेल्या मुलाने नुकताच त्यांच्या खोलीत भला मोठा नवा टीव्ही बसवून दिला होता, आणि त्यावर रोज लागणारी हिंदुस्थानातली एक मालिका, जिच्यातले सगळे साड्या नेसून इथल्यासारखी अस्खलित ट्वी भाषा बोलत, हा आजींच्या म्हातारपणाचा आधार होता. तिच्यातली एक सून कित्येक आठवडे विषाचा पेला घेऊन जिना उतरत होती. अशा वेळी आजींनी टीव्हीवर विणलेला रुमाल घातला आणि दार लावून त्या प्रार्थना करू लागल्या. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. त्यांची श्रद्धा पाहून सरांनाही भरून आलं.

शेजारच्या टेये यांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे ती त्यांना लगेच कळली. टेये यांचं गोठवलेल्या मासळीचं दुकान होतं. दिवसभर बर्फात हात घालून त्यांना प्रत्येक विषयाबद्दल थंड डोक्याने विचार करायची सवय लागली होती.

"मास्तर, लपवू नका. वरच्या गल्लीत माझ्या मेव्हण्याचा फ्रीज असाच बोलायचा."

"कॉम्प्युटर बोलत नाही, टेये. चालू होतो."

"फ्रीजही आधी नुसता चालूच व्हायचा."

त्यांनी खिशातून बाटली काढली. त्यांच्या प्रार्थनामंदिरातलं तेल होतं ते, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात ते. सरांनी कडाडून विरोध केला. पण विरोध करताना ते उभे होते आणि टेये वाकलेले होते, त्यामुळे टेये जिंकले. कॉम्प्युटरचं कपाळ नेमकं कुठे, यावर थोडा विचार करून त्यांनी कीबोर्डावर उदारपणे तेल सोडलं. कॉम्प्युटर त्या संध्याकाळीही लागला. फरक एवढाच पडला की काही बटणं खाली गेली ती वर येईनात, आणि सरांनी सहामाहीची प्रश्नपत्रिका टाइप केली तीत एकाही संख्येत सात नव्हता. मुलांना ती सोपी गेली.

त्याच आठवड्यात ती बाई आली.

दुपारची वेळ. नीटनेटकी, मध्यम वयाची, काखेत चामडी पिशवी. दाराशी उभं राहून म्हणाली, "दोन मिनिटं बोलायचं होतं. कुटुंबाविषयी."

आफ्रियेंनी सरांकडे पाहिलं. सरांनी आफ्रियेंकडे पाहिलं. मांपोंगचं माणूस!

मग जे आदरातिथ्य झालं त्याला तोड नाही. बाईंना पंख्याखालची खुर्ची, थंड पाणी, वर शेंगदाण्याचं कालवण आणि भाताचे गोळे. कोंबडीचा मानाचा तुकडा, जो एरवी आजींना जातो, तो बाईंच्या ताटात गेला.

"घरात कोणाला मोठं आजारपण?" बाईंनी जेवता जेवता विचारलं.

"छे! आमच्याकडे सर्दीसुद्धा पाहुण्यांनाच होते," सर म्हणाले.

"अचानक मृत्यू वगैरे?"

"आमच्यात सगळे सांगून सवरून जातात."

"डोक्याचा त्रास कोणाला? फिट येणं, भ्रम होणं?"

"एकालाही नाही," आफ्रिये म्हणाल्या, आणि त्याच क्षणी कोपऱ्यात निळा दिवा लागला. घुर्र.

बाईंचा घास थांबला. आफ्रियेंनी डोळे मिटले. सरांच्या डोळ्यांसमोरून सेरवाचं सगळं आयुष्य सरकलं, पुढचंसुद्धा.

"हा आपोआप लागला?" बाईंनी विचारलं.

"हो," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. तेवढी चपळाई नव्हती.

"विजेच्या वस्तूंचं वेगळं असतं," बाई म्हणाल्या. "त्या यात येत नाहीत. यात फक्त अंत्यविधी. शवपेटी, मांडव, बँड, पाहुण्यांचं जेवण. इथे सही करा, सर."

बाई विमा विकणाऱ्या होत्या. पण इतकं जेवू घालून, घराण्याच्या निरोगीपणाची एवढी ग्वाही देऊन, आता नको कसं म्हणणार? सरांनी स्वतःच्या अंत्यविधीच्या विम्यावर सही केली. बँड कुठला हवा ते बाईंनी आपुलकीने विचारून घेतलं.

त्या दिवसानंतर दारात आलेल्या कोणालाही ओळखणं अशक्य होऊन बसलं. पाण्याच्या पिशव्या विकणारी, मीटर बघणारा, चुकून दुसऱ्याच ब्रेंपोंगांकडे आलेला एक सुतार, सगळे पोटभर जेवून गेले. आणि खरं माणूस यातलं होतं, की अजून यायचं होतं, देव जाणे.

शेवटी सर इंटरनेट कंपनीच्या कचेरीत गेले. शास्त्राचा मार्ग कचेरीतूनच जातो. खिडकीतल्या मुलीने वडीलधाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "तक्रार काय आहे, पपा?"

"माझा कॉम्प्युटर आपोआप चालू होतो."

"इंटरनेट बंद आहे?"

"नाही, चालू आहे."

"हळू चालतं?"

"उत्तम चालतं."

मुलीने प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या खिडकीपाशी असं बोलणारा माणूस यापूर्वी आलेला नसावा. "मग तक्रार कुठे आहे? आमच्याकडे 'बंद आहे', 'हळू आहे' आणि 'इतर' असं आहे."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'ला साहेबांची सही लागते. साहेब अंत्यविधीला गेलेत. 'बंद आहे' लिहू का? लवकर येतात माणसं."

सरांनी आयुष्यात प्रथमच लेखी खोटं मान्य केलं. ते सही करत असताना आतल्या टेबलावरचा एक जाडसर माणूस मासिकातून डोकं न काढता म्हणाला, "नेटवर्कवरून कोणीतरी उठवत असेल त्याला. उठवता येतं." एवढं बोलून तो पुन्हा मासिकात गेला आणि परत वर आला नाही.

'बंद आहे' ही तक्रार इतकी मनावर घेतली गेली की दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी माणूस खांबावर चढला आणि लाइन खरोखरच बंद करून गेला. बाहेरच्या जगाशी ब्रेंपोंगांचा संबंध तुटला. घरातल्या वायफायचा डबा तेवढा रिकाम्या चर्चमधल्या मेणबत्तीसारखा लुकलुकत राहिला. सरांना मात्र मनातून बरं वाटलं. उठवणारा बाहेर कुठे असला, तर आता त्याचा हात पोचणार नव्हता.

संध्याकाळी कॉम्प्युटर लागला.

सर खुर्चीत बसून राहिले. गणिताच्या माणसाला यातून जे सरळ निघतं ते निघालंच: उठवणारा बाहेरचा नव्हता. घरातलाच होता.

मग त्यांनी मोबाइलच्या डेटावर वाचायला घेतलं. जसजसे वाचत गेले तसतसा त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. त्यांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. आजीही आल्या, जपमाळ हातात घेऊन.

"ऐका," सर म्हणाले. "बंद केलेला कॉम्प्युटर पूर्ण झोपत नाही. त्याचा एक कान उघडा असतो. तारेवरून दिवसभर जे काही येतं-जातं ते तो ऐकत असतो, पण ओ देत नाही, कारण त्यातलं काही त्याच्यासाठी नसतं. आणि मग कोणीतरी त्याचं नाव घेतं. एकदा नाही. सलग सोळा वेळा, न चुकता, तेच नाव. मग तो उठतो."

पंखा फिरत होता.

"सोळा वेळा?" सेरवा म्हणाली.

"सोळा. राजवाड्यावर ढोलावर आमच्या राजाचं नाव वाजवतात ना, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा, आणि मग आतून तो बाहेर येतो, तसं. मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ते ऐकलेलं आहे." आजवर ज्याच्यावर त्यांनी मुलांचे गुण टाइप केले होते, ज्याच्या डोक्यावर पानाफुलांची फुलदाणी ठेवली होती, तो हा डबा कानात नाव जपून अंधारात पडून असायचा! यंत्राला इच्छा नसते हे खरं असेलही. पण कोणी बोलवावं आणि आपण उठावं, यापेक्षा माणसाजवळ तरी जास्त काय असतं?

पोकुवाआजींना यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. "जावईबापू, हे तर आम्ही पोरांना दूध सुटायच्या आधी शिकवतो. कोण हाक मारतंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओ द्यायची नाही. तुमच्या ह्याला कोणी शिकवलं नाही, एवढंच. आईवेगळं असणार."

"पण आजी, हाक मारतंय कोण?" सेरवाने विचारलं. "घरात आपण चौघंच."

"ते विचारू नये," आजी म्हणाल्या, आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून खोलीत गेल्या.

हाक मारणाऱ्याचा शोध लागण्याआधीच मांपोंगचा निरोप आला: शनिवारी सकाळी येतो. म्हणजे चौकशी पुरी झाली होती. कशी, कोणाकडून, आणि तिच्यात काय निघालं, हे काहीच कळलं नव्हतं. बाटल्या हातात घेऊनही माणसं परत गेल्याची उदाहरणं मांपोंग रस्त्यावर किती तरी आहेत.

शनिवारी आफ्रियेंनी नवऱ्याशी वाद न घालता फक्त एकदा बघितलं, आणि सरांनी पिन काढली. विज्ञानाने माघार घेतली, असं ते स्वतःशी म्हणाले. लेकीसाठी घेतली, एवढंच समाधान.

सरांची त्या दिवशीची जागा भिंतीकडची होती. त्यांच्या रिवाजात मुलीवर बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा, त्यामुळे मधल्या खुर्चीत असिएदूमामा बसले होते. मामा सकाळपासून सगळीकडे अधिकार गाजवत हिंडत होते. आजी मात्र दिसेनात.

"आईचे गुडघे धरलेत," आफ्रिये म्हणाल्या. "बोलावलं की येते म्हणाली. प्रार्थना करतेय."

दारावर टकटक झाली. मांपोंगची माणसं आत आली, खांद्यावरून चांगली वस्त्रं घेतलेली. त्यांच्या वतीने बोलणारे लार्बीबुवा पुढे झाले. त्यांचा आवाज असा होता की नुसतं 'बसा' म्हटलं तरी माणसाला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं.

"कशासाठी येणं केलंत?" असिएदूमामांनी विचारलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट विचारायला मामासारखं माणूस नाही.

"तुमच्या अंगणावरून जात होतो," लार्बीबुवा म्हणाले. "आत एक फूल दिसलं. आमच्या मुलाची पावलं पुढे जाईनात. म्हणून, ते खुडायची परवानगी मागायला..."

इथे ते थांबले, कारण अशा वेळी थांबायचं असतं. त्या थांबण्यात कोपऱ्यातून आवाज आला.

घुर्र.

निळा दिवा लागला. पडदा उजळला. बैठकीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. सरांची मान सर्वांत शेवटी वळली, कारण त्यांना आधी भिंतीकडे बघायचं होतं. पिन जागेवर होती. पिनेशेजारी असिएदूमामांचा फोन चार्ज होत होता. मामांनी आल्या आल्या सुट्या दिसणाऱ्या सगळ्या पिना भिंतीत खोचून टाकल्या होत्या.

सरांची नजर भिंतीवरून खाली सरकली आणि आजींच्या खोलीच्या दारापाशी थांबली. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. मेणबत्तीचा नव्हे. निळा, मग लाल, मग सोनेरी. कोणीतरी भरजरी साडीत जिना उतरत असावं असा. आवाज अजिबात नाही. शनिवारी सकाळी आठवडाभराचे भाग सलग दाखवतात.

सगळी रीत सरांच्या डोळ्यांपुढे एका झटक्यात उभी राहिली. म्हातारीचं बोट. टीव्ही जागा होतो. जागा होताच, बघण्यासारखं आणखी काही घरात आहे का म्हणून तो आपल्या ओळखीच्या कॉम्प्युटरला हाक मारतो. सोळा वेळा. आणि हा वेडा, कोण बोलावतंय ते न बघता, उठतो. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. नवा टीव्ही आला तेव्हापासून, व्रत घेतल्यावरसुद्धा, रोज. सरांना राग आला नाही. असं सुबक उत्तर त्यांच्या आयुष्यात क्वचितच आलं होतं. अंगावर काटा उभा राहिला. भुताने एवढा आला नसता.

"हे," लार्बीबुवा कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले, "कोणी लावलं?"

असिएदूमामांनी खुर्ची जरा मागे सरकवली. आफ्रियेंचे ओठ नुसते हलत होते. आतल्या दारात सेरवा उभी होती, पांढऱ्या फडक्यासारखी. सगळी खोली सरांकडे बघत होती. रीत दाखवायची वेळ आली होती. फळा असता तर सरांनी खडू उचललाच असता. पण रीत दाखवायची म्हणजे सासूबाईंना दाखवायचं. व्रत मोडणारी आजी ज्या घरात आहे त्या घरातली मुलगी, असं उद्या मांपोंगभर झालं असतं. आणि त्या म्हातारीने फटीतून येणाऱ्या त्या उजेडाखेरीज कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

ब्रेंपोंग सर उठून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत न दाखवता उत्तर दिलं.

"घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस," ते म्हणाले, "मनापासून आनंदात असलं, की आमच्याकडे असं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आफ्रियेंनी छातीवर क्रूस काढला. टेये खिडकीबाहेर होते. त्यांनी टोपी काढली.

लार्बीबुवा बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"आमच्याकडे प्रिंटर असाच आपोआप लागतो," ते म्हणाले. "सेटिंग असतं काहीतरी. बाटल्या कुठे ठेवू?"